माठ, नळ आणि अंतराळस्थानक : पाण्यातल्या एका थराचा इतिहास

माठ तीन-चार दिवस घासला नाही तर आतून बोट फिरवताच एक बुळबुळ हाताला लागते. फुलदाणीतले पाणी बदलायचे राहिले की देठांना लागते तीच, मोरीच्या जाळीखाली लागते तीच, आणि सकाळी दात घासण्यापूर्वी जिभेला जाणवते तीही तिचीच बहीण. घराघरांतल्या बायकांनी या बुळबुळीशी राख, काथ्या आणि चिंच घेऊन पिढ्यान्‌पिढ्या सामना केला, पण तिला नाव द्यावे असे कुणाला वाटले नाही. नाव मिळाले ते अलीकडे. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात. मराठीत तिला जैवपटल म्हणतात. मी मात्र या लेखात तिला सरळ ‘थर’ म्हणणार आहे.

या थराचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. माणसाने तो पहिल्यांदा पाहिला १६८३ साली. तो नेमका काय आहे हे समजायला १९७८ उजाडले. आणि त्याने माणसाला खऱ्या अर्थाने कोंडीत पकडले ते पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, अंतराळस्थानकाच्या सांडपाण्याच्या टाकीत. हा तीन टप्प्यांचा प्रवास मी आपल्यापुढे मांडणार आहे. मी होमिओपॅथीचा डॉक्टर, अभियंता नव्हे. आणि माझ्या साखरेच्या गोळ्यांच्या पेटीत या थरावर औषध नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

डेल्फ्टचा कापडवाला

कोसाडहून अमरोलीचा पूल ओलांडून आपण कतारगामच्या बाजूने जुन्या शहरात शिरतो, तेव्हा वाटेत डच लोकांची जुनी थडगी लागतात. ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा केरळच्या वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथ सिद्ध करणारा व्हान ऱ्हीड तिथेच विसावला आहे. तो वारला १६९१ साली. सुरतेचे कापड घेऊन डच कंपनीची जहाजे ज्या बंदरांकडे जात, त्या कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्ट या गावी होती. व्हान ऱ्हीड हिंदुस्थानात होता त्याच काळात डेल्फ्टमध्ये अंतोनी व्हान लेव्हेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत होता.

कापडवाल्याला भिंग लागते, कारण सूत मोजावे लागते. आपल्या सुरतेत हे कुणाला समजावून सांगायला नको. लेव्हेनहुकला भिंगाचेच वेड लागले. त्याने स्वतः घासून इतकी बारीक भिंगे तयार केली की पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव त्याला दिसू लागले. १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. विषय होता स्वतःच्या दातांवरचे किटण. हा गृहस्थ रोज मिठाने दात घाशी, तरी दाढांच्या फटीत पांढरट थर उरे. तो पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य जीव हालताना दिसले.

पण माझ्या दृष्टीने त्याचे मोठे निरीक्षण वेगळेच आहे. त्याने व्हिनेगरने तोंड धुऊन पाहिले. पाण्यात मोकळे तरंगणारे जीव व्हिनेगर लागताच मरत. दातांवरच्या थरात मात्र फक्त वरचे मेले आणि आतले शाबूत राहिले. व्हिनेगर थराच्या आत पोचलेच नव्हते. या कापडवाल्याने हे नोंदवून ठेवले आणि पुढची जवळजवळ तीनशे वर्षे कुणी त्यामागचे कारण फारसे शोधले नाही.

एकटा जंतू आणि त्याचे घर

ते का शोधले गेले नाही, यालाही कारण आहे. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट कॉखने जंतूंना वेगळे काढायची रीत बसवली. घट्ट पोषकद्रव्यावर एकेका जातीची निर्भेळ वाढ घ्यायची, मग ती तपासायची आणि रोगाशी तिचे नाते सिद्ध करायचे. याच मार्गाने १८८२ मध्ये त्याने क्षयाचा जंतू दाखवला आणि १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा. या पद्धतीचे उपकार आपल्यावर इतके आहेत की तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र तिच्यामुळे एक सवय जडली. जंतू म्हटला की काचेच्या नळीत एकटा तरंगणारा जंतू डोळ्यांपुढे येऊ लागला. निसर्गात तो कुठे आणि कुणासोबत राहतो, हा प्रश्न मागे पडला.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर या प्रश्नाचे उत्तर दाराशी येऊन उभे होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्याने काय केले ते मराठी माणसाला सांगायला नको. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे मुंबईतल्या संशोधनाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पक्के झाले. पण पिसू तो नेमका कसा देते? १९१४ साली बॅकट आणि मार्टिन या इंग्रज संशोधकांना आढळले की प्लेगचे जंतू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी चिकटून वाढतात आणि तिचा घसाच बुजवतात. भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते, रक्त आत जात नाही, ते बुचाला आपटून जंतूंसह माघारी येते आणि माणसाच्या अंगात शिरते. ते बूच म्हणजेच आपला थर, हे मात्र अगदी अलीकडे समजले. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने सुरत अर्धी रिकामी झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी बिऱ्हाडे घेऊन खानदेशची गाडी धरली. तो प्लेग फुप्फुसाचा, खोकल्यातून पसरणारा. पण त्या जंतूची शतकानुशतकांची वाट मोरीतल्या बुळबुळीच्या जातीच्याच थरातून आली आहे.

थर म्हणजे एक गाव

१९७८ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे विल्यम कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतू चिकटतात कसे, यावर एक लेख लिहिला. डोंगरातल्या स्वच्छ झऱ्यांच्या पाण्यात जंतू मोजके सापडत. पण त्याच झऱ्यातल्या दगडांवर हात फिरवला तर बुळबुळ लागे आणि तिच्यात जंतूंची दाट वस्ती असे. यावरून निष्कर्ष निघाला की वाहत्या पाण्यात तरंगणारा जंतू हा प्रवासी आहे, त्याचे घर दगडावर आहे. जंतुशास्त्राने शंभर वर्षे प्रवासी मोजले होते. घर मोजायचे राहून गेले होते.

हे घर कसे बांधले जाते ते पाहण्यासारखे आहे. आधी पाण्यातले सेंद्रिय कण भिंतीवर बसतात. मग काही जंतू येऊन टेकतात. यांतले पुष्कळसे परत सुटतात, पण काही पक्के चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट द्रव्य सोडू लागतात. हे द्रव्य म्हणजे त्यांच्या मातीच्या भिंती. त्यात इतर जातीही येऊन राहतात. अन्नपाणी आत यायला बारीक वाटा तयार होतात. तळाशी राहणारे काही जंतू जवळजवळ झोपलेले असतात, खातपीत नाहीत आणि वाढतही नाहीत. वाढणाऱ्या जंतूला मारणारे औषध या झोपलेल्यांवर फारसे चालत नाही. वरून क्लोरीन टाकले तर ते वरच्या थराशी झगडण्यातच खर्च होते. आणि वस्ती दाटली की तिचे तुकडे सुटून पुढे वाहत जातात आणि दुसऱ्या ठिकाणी नवे गाव वसवतात.

लेव्हेनहुकच्या व्हिनेगरचे कोडे इथे सुटले. लघवीची नळी लावलेल्या रुग्णाला पुन्हा पुन्हा ताप का येतो आणि पुष्कळदा नळी बदलावीच का लागते, तेही इथेच कळते. वैद्यकातल्या प्रत्येक माणसाने हे रुग्ण पाहिले आहेत, मग त्याची पॅथी कोणतीही असो.

जिथे बाहेर ओतायला जागा नाही

आता आपण आकाशात जाऊ. पृथ्वीवर सांडपाणी म्हणजे जे आपण बाहेर ओततो ते. अंतराळयानाला ‘बाहेर’ परवडत नाही, कारण तिथे पाण्याचा थेंबन्‌थेंब खालून न्यावा लागतो. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत वीज तयार होताना पाणीही तयार होई. त्यात अंतराळवीर रोज आठवणीने क्लोरीनचे द्रावण टोचत. प्रवास दहा-बारा दिवसांचा असल्याने तेवढे पुरे झाले. १९७३ च्या स्कायलॅबमध्ये क्लोरीनऐवजी आयोडीन आले. सोव्हिएत संघाने दुसरा मार्ग धरला. १९७५ मध्ये सल्यूत-४ या स्थानकावर त्यांनी हवेतला दमटपणा, म्हणजे माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ, थंड करून तिचे पाणी पुन्हा पिण्याजोगे केले. पाणी टिकवायला त्यांनी चांदीचा आधार घेतला. बाळाला चांदीच्या वाटीतून पाणी पाजणाऱ्या आपल्या आज्यांना हे ऐकून नवल वाटले नसते.

मीर हे त्यांचे पुढचे स्थानक १९८६ पासून २००१ पर्यंत आकाशात होते. तिथे एका क्वचितच उघडल्या जाणाऱ्या पटलामागे अमेरिकी अंतराळवीरांना बास्केटबॉलच्या चेंडूएवढा पाण्याचा गोळा तरंगताना आढळला. नितळ नव्हे, गढूळ. तपासणीत अशा पाण्यात डझनावारी जातींचे जंतू आणि बुरश्या निघाल्या, आणि धुळीतले सूक्ष्म किडेही. हे पाहुणे आले कुठून?

याचे उत्तर शोधताना आपल्या पुण्याची आठवण होते. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रोच्या मदतीने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या संस्थांनी त्यांतले सूक्ष्मजीव वाढवून तपासले. त्यांत तीन नव्या जाती निघाल्या. एकीला फ्रेड हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. ते जीव वरून आले की खालून वर गेले, यावर वाद होऊ शकतो. मीरवरच्या जीवांबाबत असा वाद नव्हता. ते माणसांच्या कातडीवरून, श्वासातून, आतड्यातून आणि सामानावरून आले होते. यान कितीही निर्जंतुक केले तरी त्यात माणूस बसला की त्याचे गावही त्याच्याबरोबर बसते.

एका टाकीची गोष्ट

आजचे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक आपल्याला परके नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला तिथेच राहून आले. नोव्हेंबर २००८ मध्ये एंडेव्हर यानाने तिथे पाणी शुद्ध करणारी यंत्रणा नेली. तिचे दोन भाग आहेत. एक लघवीचे ऊर्ध्वपातन करतो. दुसरा त्या पाण्यात हवेतल्या दमटपणाचे पाणी मिसळून ते गाळतो, सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमानात प्राणवायूच्या साह्याने त्यातली उरलेली द्रव्ये जाळतो आणि शेवटी आयोडीन घालतो. पिण्यापूर्वी ते आयोडीन पुन्हा काढून घेतात, कारण रोजचे जास्तीचे आयोडीन कंठग्रंथीला सोसत नाही. मे २००९ मध्ये स्थानकावरच्या मंडळींनी या पाण्याचा पहिला घोट घेतला.

लघवीत आधीच तीव्र आम्ल आणि क्रोमियमचे जहाल रसायन घालतात, त्यामुळे तिथे जंतूंचा पाड लागत नाही. गडबड झाली ती अधिक ‘स्वच्छ’ दिसणाऱ्या पाण्यात. दमटपणाच्या पाण्यात साबण, अन्न, अंग पुसायचे कपडे, यंत्रातली वंगणे यांच्यातून उडालेली अल्कोहोलसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. माणसाला ती जाणवतही नाहीत, पण जंतूंना ती न्याहारी आहे. हे पाणी सांडपाण्याच्या टाकीत थांबते. तिथे थर वाढला, त्याचे तुकडे सुटले आणि पुढच्या नळीत व झडपेत जाऊन अडकले. कोट्यवधी डॉलरची यंत्रणा मोरीच्या जाळीसारखी तुंबली. भाग बदलावे लागले, पुढे टाकीच्या नंतर गाळणी बसवावी लागली, आणि ती गाळणीही भरते म्हणून बदलावी लागते.

वजनरहित अवस्थेत हे दुखणे वेगळे रूप घेते. तिथे गाळ तळाशी बसत नाही आणि बुडबुडा वर येत नाही. कोपऱ्यातले पाणी कोपऱ्यातच राहते. २०१० आणि २०११ मध्ये शटल यानांतून नेलेल्या एका जातीच्या जंतूंनी अंतराळात जाडसर थर बांधला, आणि त्याची रचना खाली खांब व वर छत अशी निघाली. पृथ्वीवर त्या जंतूंचा असा मांडव कुणी पाहिला नव्हता. २०१९ पासून स्थानकावर वेगवेगळ्या धातूंचे आणि पदार्थांचे तुकडे नेऊन कुणावर थर कमी बसतो हे तपासले गेले. त्यात तेल मुरवलेला एक निसरडा पृष्ठभागही होता. कल्पना तीच, तव्यावर घावन चिकटू नये म्हणून आपण तेलाचे फडके फिरवतो ती.

एवढ्या खटाटोपातून अभियंते ज्या नियमांपाशी आले ते ऐकून आपल्याला हसू येईल. पाणी एका जागी थांबू देऊ नका. नळीला बंद टोक ठेवू नका. जंतूंना खायला मिळेल असे काही पाण्यात जाऊ देऊ नका. भिंत गुळगुळीत ठेवा. थर जुना व्हायच्या आत काढा. विषावर एकट्यावर विसंबू नका, कारण कोंडलेल्या घरात जंतूंना टाकलेले विष शेवटी आपल्याच पेल्यात येते. २०२३ मध्ये नासाने जाहीर केले की स्थानकावरचे ९८ टक्के पाणी आता परत मिळते. पण पुढची चिंता त्याहून अवघड आहे. चंद्राजवळची किंवा मंगळाकडची याने महिनोन्‌महिने माणसांविना राहतील. तेव्हा नळ्यांत थांबलेल्या पाण्याचे काय? मे महिन्यात महिनाभर गावी जाऊन आल्यावर बंद घराचा पहिला नळ सोडताना येणारा वास आपल्याला ठाऊक आहे. तोच प्रश्न आहे, फक्त तिथे पहिले पाणी सोडून द्यायला मोरी नाही. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळस्थानक उभारायचे आपल्या सरकारने ठरवले आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्याही मुलांपुढे येणार आहे.

गाळणे, दोन घटका आणि जिवाणी

इथे मला माझ्या घरच्या चालीबद्दल बोलायला हवे. आम्हा दिगंबर जैनांत पाणी जाड दुहेरी फडक्यातून गाळून घेतात. गाळलेल्या पाण्याची मुदत दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. नंतर ते पुन्हा गाळायचे. उकळलेल्या पाण्याची मुदत २४ तास. गाळण्याच्या फडक्यावर राहिलेले जीव गाळलेल्याच पाण्याने उलटे धुऊन, ज्या विहिरीचे पाणी असेल तिथेच हलक्या हाताने परत सोडायचे. याला जिवाणी म्हणतात. जीवाला त्याच्या घरी पोचवणे हा त्याचा हेतू.

अशा चाली सांगताना छाती फुगवून ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. त्या नियमांचा हेतू अहिंसा होता, रोगनिवारण नव्हे. फडक्याची भोके जंतूपेक्षा कितीतरी मोठी असतात, मोकळा जंतू त्यातून सहज निसटतो. एकाच शरीरात अनंत जीव राहतात ही निगोदाची कल्पना मला अतिशय सुंदर वाटते, पण ती बायोफिल्मचे वर्णन आहे असे मी म्हणणार नाही.

तरीही फडके निरुपयोगी ठरत नाही, आणि त्याचे कारण या साऱ्या इतिहासाशी जुळते. बांगलादेशातल्या मतलब भागात रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ गावांत एक प्रयोग केला. जुन्या सुती साडीची चार पदरी घडी घालून तिच्यातून तळ्याचे पाणी गाळायला बायकांना शिकवले. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसले. फडक्यातून पटकीचा जंतू सुटतो, मग हे झाले कसे? तो जंतू पाण्यात बहुतांशी एकटा नसतो. सूक्ष्म जलचरांच्या अंगावर तो वस्ती करून असतो, आणि ते जलचर साडीच्या घडीत अडकतात. घर अडवले की घरातलेही अडकतात. आमच्या आज्यांना जंतू दिसले नव्हते. पण जे दिसत नाही तेही कुठेतरी राहते आणि पाणी थांबले की त्याची वस्ती वाढते, एवढे गृहीत धरून त्या वागल्या. घटकेचे गणित त्यांनी पाळले म्हणजे पाणी जुने होऊ दिले नाही.

तापीकाठी

आता सुरतेकडे परत येऊ. २०१४ पासून बमरोलीत महापालिकेचा एक प्रकल्प दिवसाला ४ कोटी लिटर सांडपाणी बारीक पडद्यांमधून गाळून पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांना देतो. आपल्यापैकी कितीतरी घरांची मिळकत त्या कारखान्यांतून येते. अशा पडद्यांचा पहिला शत्रू थरच असतो. पडद्यावर थर बसला की दाब वाढवावा लागतो, वीज जास्त लागते, आणि पडदा वेळोवेळी धुवावा लागतो. अंतराळस्थानकाची अडचण इथे तापीकाठी उतरली आहे. जसजसे शहर वाढेल तसतसे ‘बाहेर ओतण्याचे’ ठिकाण आपल्यालाही उरणार नाही.

आणि घरात? माठ घासणारा हात ठरलेला होता. आता कोसाडपासून उधन्यापर्यंत आपण सोसायट्यांत राहतो. जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर दुसरी, मधे नळ्यांचे जाळे, आणि स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करणारे यंत्र. यंत्राची मेणबत्ती वेळेवर बदलायची राहिली तर तीच जंतूंची धर्मशाळा होते. गच्चीवरची टाकी सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नसते. तिच्यात वर्षातून एकदा ब्लीचिंग पावडर ओतून समाधान मानणारे लोक लेव्हेनहुकच्या व्हिनेगरचाच प्रयोग पुन्हा करतात. टाकी रिकामी करून भिंती घासल्या पाहिजेत, तळाचा गाळ उपसला पाहिजे, मग हवी तर पावडर. घरी बरेच दिवस न वापरलेला नळ आधी थोडा वाहू द्यावा. आणि सोसायटीच्या वहीत टाकी घासल्याची तारीख व घासणाऱ्याचे नाव लिहिलेले असावे.

अंतराळस्थानकावर हे सारे होते, कारण तिथे मोजकीच माणसे आहेत आणि आजचे सांडपाणी उद्या आपल्याच पेल्यात येणार हे प्रत्येकाला माहीत आहे. तापीच्या काठावर लाखो माणसांना ते माहीत करून देणे जास्त कठीण आहे. पण पाणी थांबले की त्यात गाव वसते, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.